माउस सारखा डिस्कनेक्ट होतोय? दोष नेमका कुठे आहे, ते असं शोधा

माउस मध्येच बंद पडायला लागला की बहुतेक जण पिन काढून परत लावतात, आणि तेवढ्याने भागलं नाही की नवा माउस आणतात. काही दिवसांनी नवाही तसाच वागायला लागला की मग कॉम्प्युटर फॉरमॅट करायचा बेत ठरतो. यातलं काहीही करण्याआधी अर्धा-पाऊण तास द्या. माउस आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये दोष असू शकेल अशा जागा मोजक्याच आहेत: वायर किंवा (वायरलेस माउस असेल तर) रेडिओची बिनतारी जोडणी, पोर्ट, पोर्टला मिळणारी वीज आणि ती वीज वाचवायला बघणारं विंडोज. माउस कधी आणि कसा तुटतो, म्हणजे त्याची जोडणी कधी आणि कशी जाते, हे नीट पाहिलं, तर यातली कोणती जागा बिघडली आहे ते बरंचसं तिथेच कळतं. मग तेवढीच दुरुस्त करायची.

खालच्या सगळ्या पायऱ्या विंडोज १० आणि ११ साठी आहेत. वायर, पोर्ट आणि सेल यांचा भाग मात्र कुठल्याही कॉम्प्युटरला लागू पडतो. एक पथ्य शेवटपर्यंत पाळा: एका वेळी एकच गोष्ट बदला आणि थोडा वेळ वापरून बघा. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि माउस सुधारला, तर नेमकं कशाने सुधारलं ते कळत नाही, आणि दोष परत आला की सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

आधी आवाज ऐका, मग लाइट बघा

स्पीकर किंवा हेडफोन चालू ठेवा. यूएसबीला लावलेली वस्तू निघाली की विंडोज उतरत्या सुरांचा छोटा आवाज करतं, लागली की चढत्या सुरांचा. माउस अडकतो त्या क्षणी हा आवाज येतो का, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

वायरचा माउस असेल आणि आवाज येत असेल, तर जोडणी खरोखरच तुटते आहे. दोष वायर, पोर्ट किंवा वीज यांपैकी कशात तरी आहे.

वायरलेस माउस असेल, त्याचा छोटा रिसीव्हर यूएसबीत लावलेला असेल आणि तरीही आवाज येत असेल, तर तुटतोय तो रिसीव्हर. अशा वेळी माउसमधले सेल बदलून काहीही होणार नाही. पोर्टकडे आणि विजेच्या सेटिंगकडे वळा.

वायरलेस आहे, बाण थांबतो, पण आवाज येत नाही? मग रिसीव्हर जागेवर ठीक आहे आणि गडबड माउस ते रिसीव्हर या हवेतल्या टप्प्यात आहे. सेल, अंतर किंवा रेडिओचा अडथळा.

आवाज नाही आणि कीबोर्डही चालत नाही, असं असेल तर कॅप्स लॉक दाबून बघा. कीबोर्डवरचा त्याचा दिवा चालू-बंद होत नसेल, तर कॉम्प्युटरच हँग झालाय. बिचाऱ्या माउसचा त्यात काही संबंध नाही.

आता माउस उलटा करून खालचा लाइट बघा. वायरचा माउस बंद पडताना लाल लाइटही विझत असेल, तर माउसला वीजच मिळत नाही किंवा विंडोजने त्याला झोपवलंय. लाइट लागलेला आहे पण बाण हलत नाही, तर वीज पोचतेय आणि माहिती पोचत नाही. काही माउसचा लाइट इन्फ्रारेड असतो, तो डोळ्यांना दिसत नाही. तिथे ही खूण उपयोगाची नाही.

शिवाय वेळ लक्षात ठेवा. पाच-दहा मिनिटं हात न लावल्यावर बंद पडतो का? वायर हलली की? पेन ड्राइव्ह लावला की? पंख्याचं किंवा मिक्सरचं बटण दाबलं की? ही उत्तरं एका कागदावर लिहून ठेवा. दुकानात जायची वेळ आली तरी हा कागद कामाला येईल.

माउस बंद असताना काम कसं चालवायचं

पुढच्या सेटिंग करताना नेमका माउस बंद पडणार, हे गृहीत धरून चला. विंडोजची की आणि एक्स एकत्र दाबा, मग एम दाबा: डिव्हाइस मॅनेजर उघडतो. आत टॅब आणि बाणाच्या कींनी हिंडायचं, स्पेस बारने टिक करायची, एंटरने पक्कं करायचं. कीबोर्डला नंबर पॅड असेल तर डावी आल्ट, डावी शिफ्ट आणि नम लॉक एकदम दाबा. विचारल्यावर होकार दिला की नंबरच्या कींनी बाण हलवता येतो. ५ दाबलं की क्लिक होतं.

अदलाबदल करून बघा

तुमचा माउस दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा आणि दुसरा माउस तुमच्या कॉम्प्युटरला. घरात दुसरा कॉम्प्युटर नसेल तर अँड्रॉइड मोबाइल घ्या. ओटीजीची छोटी पिन मोबाइलला लावा आणि तिला माउस जोडा. मोबाइलच्या स्क्रीनवर बाण दिसायला लागतो. वायरचा माउस आणि रिसीव्हरवाला माउस, दोन्ही असे तपासता येतात. (काही मोबाइलमध्ये ओटीजी सेटिंगमधून चालू करावं लागतं.) मोबाइलवर दहा मिनिटं बाण फिरवा, वायर थोडी हलवा. तिथेही तुटला तर दोष माउसमध्ये. तिथे व्यवस्थित चालला तर माउस टाकू नका, दोष कॉम्प्युटरच्या बाजूला आहे.

वायर

वायरच्या माउसमध्ये सगळ्यात जास्त मार खाते ती जागा म्हणजे वायर माउसच्या तोंडातून आत शिरते तिथली पहिली दोन-तीन इंच. दिवसभर ती तिथेच वाकते. वरचं आवरण शाबूत दिसतं, पण आतले केसासारखे तांब्याचे धागे एकेक करून तुटत जातात. मग वायर एका विशिष्ट कोनात असली की माउस चालतो, हात उजवीकडे नेला की बंद. लोक वायरला चिकटपट्टी लावून तो कोन जपतात. दोन दिवस निभावतं, पुढे नाही.

तपासायची रीत सोपी आहे. बाण नजरेसमोर ठेवा, माउस टेबलावर स्थिर धरा, आणि दुसऱ्या हाताने वायर चिमटीत धरून माउसच्या तोंडापासून पिनेपर्यंत एकेक इंच हलकी वाकवत जा. जिथे वाकवल्यावर विंडोजचा तो जोडणी तुटल्याचा आवाज येईल, तिथे वायर तुटलेली आहे. पिनेच्या गळ्याशीही अशीच तपासणी करा. तीही जागा नाजूक असते.

सोल्डरिंग येत असेल तर दुरुस्ती होते. माउसच्या खालच्या चिकट पट्ट्या किंवा स्टिकर याखाली स्क्रू असतात. ते काढा, वायरचा आतला कनेक्टर सोडवा, तुटलेला तुकडा छाटून टाका आणि रंगाला रंग जोडा. सहसा लाल म्हणजे ५ व्होल्ट, काळी अर्थ, हिरवी आणि पांढरी माहितीच्या वायरी. स्वस्त माउसमध्ये रंग वेगळे निघू शकतात, म्हणून कापायच्या आधी फोटो काढून ठेवा. माझं स्पष्ट मत: साध्या माउससाठी ही खटपट शिकण्यापुरतीच करावी, पण हातात नीट बसलेला महागडा माउस असेल तर जरूर करावी.

पोर्ट, हब आणि पेन ड्राइव्ह

डेस्कटॉपच्या कॅबिनेटचे पुढचे यूएसबी पोर्ट आतून एका वेगळ्या वायरीने मदरबोर्डला जोडलेले असतात. ती वायर ढिली होते, पुढच्या पोर्टमध्ये धूळ जाते, आणि येता-जाता गुडघ्याचा धक्काही त्यांनाच लागतो. मागचे पोर्ट थेट मदरबोर्डवर असतात. वायरचा माउस आधी मागे लावून बघा. बऱ्याच जणांचा शोध इथेच संपेल.

पोर्ट ढिला आहे का, हे पिन लावून हलक्या हाताने वर-खाली हलवल्यावर कळतं. पिन नीट बसत नसेल आणि हलवल्यावर तुटल्याचा आवाज येत असेल, तर तो पोर्ट माउसला वापरू नका.

मग पोर्टच्या आत टॉर्च मारा. मुंबई, कोकण, गोवा या किनारपट्टीवर खाऱ्या दमट हवेने पोर्टच्या पितळी पट्ट्या काळवंडतात, कधी त्यांवर हिरवट थर धरतो. कॉम्प्युटर बंद करा, प्लग काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर मऊ ब्रशला लावून पट्ट्या पुसा, आणि पूर्ण वाळल्यावरच चालू करा. खोबरेल तेल, तेलकट स्प्रे, सुई, पिन यातलं काही आत घालू नका. पट्ट्या वाकून एकमेकींना टेकल्या तर पोर्ट कायमचा जातो.

आता विजेचा हिशेब. यूएसबी २ चा पोर्ट जास्तीत जास्त ५०० मिलीअँपिअर देतो, यूएसबी ३ चा ९००. साध्या माउसला १०० पेक्षाही कमी पुरतात, त्यामुळे एकट्या माउसला वीज कधी कमी पडत नाही. पण वेगळा ॲडॉप्टर नसलेला चार तोंडांचा स्वस्त हब लावला, की तेवढ्याच विजेत चौघांचं भागवावं लागतं. त्याच हबवर बाहेरची हार्ड डिस्क असेल, तर ती फिरायला लागताना एकदम जास्त वीज ओढते, व्होल्टेज खाली बसतं आणि शेजारचा माउस तुटतो. माउस हबवरून काढून थेट कॉम्प्युटरला लावा, हार्ड डिस्क वेगळ्या पोर्टवर घ्या. एक्स्टेंशनही फार लांब नको. यूएसबी २ ची साधी केबल ५ मीटरच्या पुढे जाऊ नये असं मानकच आहे, आणि वाईट दर्जाची केबल त्याच्या किती तरी आधी दगा देते.

विंडोज वीज वाचवतं, माउस झोपतो

माउस थोडा वेळ न हलवल्यावर बंद पडत असेल, विशेषतः लॅपटॉपवर, तर सगळ्यात आधी इथे या. वापरात नसलेल्या यूएसबीच्या वस्तू विंडोज झोपवून ठेवतं. काही माउस आणि रिसीव्हर त्यातून नीट जागे होत नाहीत.

१. कंट्रोल पॅनल उघडा, पॉवर ऑप्शन्समध्ये जा. चालू प्लॅनसमोरचं चेंज प्लॅन सेटिंग्ज, मग चेंज ॲडव्हान्स्ड पॉवर सेटिंग्ज. यादीत यूएसबी सेटिंग्ज उघडून यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड सेटिंग डिसेबल्ड करा. लॅपटॉपवर ऑन बॅटरी आणि प्लग्ड इन असे दोन पर्याय दिसतील, दोन्ही बदला. काही नव्या लॅपटॉपमध्ये ही ओळच नसते. तसं असेल तर पुढच्या पायरीवर जा.

२. डिव्हाइस मॅनेजरमध्ये सगळ्यात खाली युनिव्हर्सल सीरियल बस कंट्रोलर्स आहे. त्यातल्या प्रत्येक यूएसबी रूट हबवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, पॉवर मॅनेजमेंट टॅब. वीज वाचवण्यासाठी ही वस्तू बंद करायची परवानगी देणारी वरची टिक काढा. जेनेरिक यूएसबी हब दिसत असेल तर त्याचीही काढा.

३. माइस अँड अदर पॉइंटिंग डिव्हाइसेसमध्ये तुमचा माउस आहे. तिथे पॉवर मॅनेजमेंट टॅब असेल आणि तीच टिक असेल, तर तीही काढा.

मग रीस्टार्ट करा. शट डाउन करून चालू करणं पुरेसं नाही. विंडोज ८ पासून आलेल्या फास्ट स्टार्टअपमुळे साध्या शट डाउनमध्ये विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, रीस्टार्टमध्ये होतो. लॅपटॉपची बॅटरी यामुळे किंचित लवकर उतरेल, पण फार नाही.

वायरलेस माउस स्वतःही काही मिनिटांनी झोपतो आणि पहिल्या क्लिकला जागा होतो. हे बरोबर आहे, सेल वाचवण्यासाठीच ती सोय आहे. क्लिक करूनही दोन-तीन सेकंदांत जागा होत नसेल, तरच दोष समजा.

रिसीव्हरवाला वायरलेस माउस

सेलपासून सुरुवात करा. चांगला अल्कलाइन पेन्सिल सेल नवा असताना १.५ व्होल्टच्या थोडा वरच असतो. मल्टीमीटरवर तो १.२ च्या खाली दिसत असेल तर बदला. खालचा लाइट लागतो म्हणजे सेल चांगला, असं धरू नका. लाइट लागण्यापुरती ताकद उरते, पण रेडिओवरून बोलायला ती कमी पडते, आणि तेव्हाच बाण अडखळायला लागतो. दोन सेल लागत असतील तर दोन्ही एकदम बदला. स्प्रिंगवर पांढरी पावडर दिसली तर सेल गळलाय. कापसाच्या बोळ्याला थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून ती पुसा, नंतर अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळवा. पावडरला बोटं लावू नका.

सेल चांगला असेल तर रिसीव्हर कुठे बसवलाय ते बघा, कारण वायरलेसच्या बहुतेक तक्रारींचं मूळ मला तिथेच दिसतं. हे माउस २.४ गिगाहर्ट्झवर बोलतात. वायफाय, ब्लूटूथ, एवढंच काय, स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात असतो. त्यात यूएसबी ३ ची भर पडते. इंटेलने २०१२ साली याच विषयावर एक तांत्रिक टिपण काढलं होतं: यूएसबी ३ चा पोर्ट, त्याची केबल आणि त्याला लावलेली हार्ड डिस्क यांतून जो रेडिओचा गोंगाट बाहेर पडतो, तो २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो आणि जवळ बसलेल्या रिसीव्हरला माउसचं बोलणं ऐकू येत नाही. म्हणजे लॅपटॉपच्या निळ्या, बहुधा यूएसबी ३ च्या, पोर्टात पेन ड्राइव्ह लावून मोठी फाइल कॉपी करताना शेजारचा माउस अडखळत असेल, तर माउस आणि पेन ड्राइव्ह दोन्ही चांगलेच आहेत. फक्त एकमेकांच्या फार जवळ आहेत.

उपाय स्वस्त आहे. एक-दीड मीटरची यूएसबी २ ची एक्स्टेंशन केबल घ्या, रिसीव्हर तिच्या टोकाला लावा आणि टेबलावर माउसपासून हातभर अंतरावर ठेवा. लॅपटॉपला दोन्ही बाजूंना पोर्ट असतील तर रिसीव्हर एका बाजूला, पेन ड्राइव्ह दुसऱ्या बाजूला. डेस्कटॉपवर इथे सल्ला उलटतो: वायरचा माउस मागच्या पोर्टला लावा म्हटलं, पण रिसीव्हर मागे लावला तर त्याच्या आणि माउसच्या मध्ये कॅबिनेटचा अख्खा पत्रा येतो. टेबलही लोखंडी असेल तर आणखी वाईट. ऑफिसांतल्या आणि सेतू केंद्रांतल्या लोखंडी टेबलांखाली कॅबिनेट असतं, तिथे एक्स्टेंशन केबलशिवाय वायरलेस माउस घेऊच नये, असं मी सांगेन.

रिसीव्हर हरवला असेल तर आधी माउसच्या कंपनीचा रिसीव्हर बदलून मिळतो का ते बघा. लॉजिटेकच्या युनिफायिंगसारख्या रिसीव्हरला सहापर्यंत वस्तू जोडता येतात आणि नवा आणून माउस पुन्हा जोडता येतो. साध्या स्वस्त माउसचा रिसीव्हर मात्र त्याच माउसशी बांधलेला असतो.

ब्लूटूथ माउस

इथे वेगळा रिसीव्हर नसतो, त्यामुळे कॉम्प्युटरचं ब्लूटूथच तपासायचं. डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर वायफाय आणि ब्लूटूथ असेल, तर मागे दोन सोनेरी टोकं दिसतात. त्यांना बोर्डाच्या खोक्यातले अँटेना फिरवून बसवायचे असतात. वायफाय वापरत नाही म्हणून अनेक जण ते खोक्यातच ठेवतात. पण ब्लूटूथही त्याच अँटेनावर चालतं. अँटेना नसले तर माउस हातभर अंतरावरूनही सुटतो. ते बसवा.

लॅपटॉपमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ बहुधा एकाच कार्डावर असतात. वायफाय २.४ गिगाहर्ट्झवर मोठं डाउनलोड करत असलं की माउसची ओढाताण होते. राउटर ५ गिगाहर्ट्झ देत असेल तर लॅपटॉप त्यावर जोडा.

मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये ब्लूटूथखालच्या ॲडॉप्टरच्या पॉवर मॅनेजमेंटमधली तीच टिक काढा. तरीही सुटत असेल तर सेटिंग्जमधल्या ब्लूटूथच्या यादीतून माउस रिमूव्ह करा, कॉम्प्युटर रीस्टार्ट करा आणि माउस नव्याने जोडा. एकच माउस मोबाइल किंवा टॅबशीही जोडलेला असेल, तर तपासताना त्यांचं ब्लूटूथ बंद ठेवा.

पंखा लावला की माउस जातो

ही तक्रार खरी असते, तिला वेडगळपणा समजू नये. पंखा, फ्रिज, पाण्याची मोटर यांचं बटण चालू-बंद होताना वायरिंगमध्ये क्षणभराचा झटका उठतो. घराचं अर्थिंग नीट नसेल तर तो कॉम्प्युटरपर्यंत पोचतो आणि यूएसबी रीसेट होतं. कॅबिनेटला हात लागल्यावर झिणझिण जाणवत असेल, तर अर्थिंगची शंका पक्की धरा. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या बोर्डात घालायला आणलेली टोपी फेकून द्या. वायरमनला बोलावून सॉकेटच्या तिसऱ्या भोकात अर्थ येतोय का, ते मीटरने तपासून घ्या. झिणझिण्या येणारा कॉम्प्युटर माउसपेक्षा माणसाला जास्त धोक्याचा आहे, म्हणून हे काम उद्यावर ढकलू नका. त्यानंतरही माउस रीसेट होत असेल, तर फेराइटचा मणी (वायरीतला असा गोंगाट अडवणारा) असलेली केबल किंवा वायरवर चिमटीसारखा बसणारा मणी वापरून बघा.

ड्रायव्हर आणि बायोस

हे मुद्दाम शेवटी ठेवलंय, कारण लोक इथूनच सुरुवात करतात आणि वेळ घालवतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउसच्या नावावर राइट क्लिक करून अनइन्स्टॉल डिव्हाइस करा आणि रीस्टार्ट करा. विंडोज ड्रायव्हर परत घालतं. यूएसबी कंट्रोलरसाठी चिपसेटचा ड्रायव्हर लॅपटॉपच्या किंवा मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवरून घ्या. ‘ड्रायव्हर अपडेटर’ म्हणून जाहिराती करणारे प्रोग्राम घालू नका. यादीत अननोन यूएसबी डिव्हाइस आणि कोड ४३ दिसत असेल, तर विंडोजला माउसची ओळखच पटत नाहीये. बऱ्याचदा त्याचं कारण वायर किंवा पोर्टच असतं, म्हणून आधी ते पुन्हा तपासा.

बायोसमध्येही, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्राममध्येही, दोष असू शकतो. २०२१ च्या सुरुवातीला एएमडीच्या ५०० मालिकेच्या चिपसेटवाल्या बोर्डांवर, म्हणजे बी५५० आणि एक्स५७० वर, यूएसबीच्या वस्तू मधूनच तुटत होत्या. एएमडीने दोष मान्य केला आणि त्याच वर्षी अजेसा १.२.०.२ (बायोसमधला एएमडीचा भाग) असलेल्या बायोसमधून दुरुस्ती दिली. असा बोर्ड असेल आणि बायोस त्याआधीचा असेल, तर अपडेट करा. बायोस अपडेट करताना वीज जाता कामा नये. भारनियमनाच्या वेळा बघा, यूपीएसवर करा, लॅपटॉप असेल तर बॅटरी भरून आणि चार्जर लावून करा.

इतकं करूनही सगळ्या पोर्टांवर, सगळे माउस तुटत असतील, तर मदरबोर्ड किंवा पॉवर सप्लाय दुरुस्तीला न्यावा लागेल. सोबत तो कागद न्या: कोणत्या पोर्टवर, किती वेळाने, कशानंतर तुटतो. आणि माउसच खराब निघाला तर फेकण्याआधी बिल शोधा. चांगल्या कंपन्या माउसला वर्षभर किंवा त्याहून जास्त वॉरंटी देतात, आणि वायर आतून तुटलेली असेल तर बदलून मागायला हरकत नाही. वॉरंटीत असलेला माउस मात्र उघडू नका. खालचं स्टिकर फाटलेलं दिसलं की दुकानदार हात वर करतो.